भणे आणि म्हणे

तुझं पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी थांबले. तू लिहितोस, "बाई, मला मराठी लिहायला नीट आवडत नाही, पण गोष्ट सांगायला फार बरं वाटतं." पुण्या-नाशिकचा कुणी हे वाचेल तर म्हणेल, आवडत नाही तर नको लिहूस, कुणी जबरदस्ती केली आहे? पण मी बडोद्यात जन्मले, दांडिया बाजारात वाढले. तुला 'येत नाही' म्हणायचं आहे हे मला लगेच कळलं. गुजरातीत आवडणं म्हणजे जमणं, येणं. 'मने तरतां आवडे छे' म्हणजे मला पोहता येतं. मराठीत आवडणं म्हणजे मनाला रुचणं. शब्द एकच, पण मधे नर्मदा-तापी ओलांडताना त्याचा अर्थ पालटला. तुझ्या त्या वाक्याला मी चूक म्हणणार नाही. उत्तराची सुरुवात मात्र तिथूनच करते.

तुझा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून थोडक्यात सांगते. तू विद्यापीठात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस, विषय इतिहास, माध्यम इंग्रजी. घरी आजीशी मराठी, मित्रांत गुजराती, वर्गात इंग्रजी. तुला वाटतं की तीन भाषांपैकी एकही धड तुझी नाही. पुस्तक चारदा वाचूनही परीक्षेत पान कोरं राहतं, पण आजीने एकदाच सांगितलेली गोष्ट वर्षभराने जशीच्या तशी सांगता येते. म्हणून विचारतोस: गोष्टींत घालवलेला वेळ अभ्यासातून चोरलेला आहे का? आजी तीच गोष्ट दर वेळी वेगळी सांगते, त्यातली खरी कोणती? आणि रोज रात्री डायरी लिहितोस ती कोणत्या भाषेत लिहावी?

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. वडिलांकडून नारदीय कीर्तन शिकले आणि अजूनही उत्सवात उभी राहते. या दोन्ही कामांत मला कळलेली गोष्ट एकच आहे: जे दुसऱ्याला सांगता येतं तेच आपल्याला आलेलं असतं. गोष्ट सांगणं अभ्यासाच्या आड येत नाही. तू पुस्तक घेऊन जे करतोस, तो अभ्यास अर्धवट सोडलेला असतो, आणि आजीजवळ बसून करतोस तो पुरा होतो.

हे माझ्या मनचं नाही, आपल्या भाषांनी ते आधीच सांगून ठेवलं आहे. शेजारच्या गुजराती घरात आई मुलाला म्हणते, 'भणवा बेस', म्हणजे अभ्यासाला बस. हे 'भणवुं' आणि आपलं 'म्हणणं' ही दोन्ही संस्कृत 'भण्' या एकाच धातूची लेकरं आहेत. भण् म्हणजे बोलणं. गुजरातीत त्याचा अर्थ शिकणं झाला, मराठीत ध्वनी बदलून 'म्हण' झाला आणि अर्थ बोलणंच राहिला. 'वैष्णव जन तो'च्या शेवटी येतं ते 'भणे नरसैंयो' आणि आपलं 'तुका म्हणे' हे एकच क्रियापद आहे. ज्या शहरात दोन्ही कानांवर पडतात तिथल्या मुलाला हे कुणीतरी लवकर सांगायला हवं. आपला 'अभ्यास' शब्दही पाहा. संस्कृतात त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा करणं. डोळे फिरवणं असा अर्थ त्याला कधीच नव्हता.

आता तुझं पान कोरं का राहतं त्याविषयी. माझ्यावर बेतलेला एक प्रसंग सांगते.

माझं पहिलं कीर्तन सुदाम्याच्या पोह्यांवर होतं. कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन त्याचं निरूपण करायचं, मधे नामाचा गजर, आणि मग उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. वडिलांच्या वहीत सगळं आख्यान लिहिलेलं होतं. मी ते शब्दन् शब्द पाठ केलं. आरशापुढे म्हटलं, जिन्यात म्हटलं, झोपेतही म्हटलं असतं. प्रत्यक्ष कीर्तनात सुदामा द्वारकेच्या दारापाशी आला आणि वीज गेली. दोन मिनिटं अंधार. कुणी कंदील आणला, कुणाचं मूल रडलं. दिवा आला तेव्हा माझं पुढचं वाक्य गेलं होतं. एक वाक्य गेलं आणि त्याच्यामागची सगळी गोष्ट गेली, माळेचा दोरा तुटावा तशी. मला सुदामा दिसत नव्हता, द्वारका दिसत नव्हती, दिसत होतं ते वडिलांच्या वहीचं पान आणि त्यावरची पुसट झालेली शाई. पेटीवर बसलेल्या काकांनी आपण होऊन गजर धरला, लोक टाळ्यांवर म्हणू लागले, तेवढ्या अवकाशात वडील मागून हळूच म्हणाले, "शब्द शोधू नकोस. सुदामा कुठे उभा आहे ते पाहा." मी पाहिलं. दारात उभा होता, पायांना भेगा, काखेत पोह्यांची पुरचुंडी, समोर पहारेकरी. आणि गोष्ट पुढे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी शिकवलं ते मी पुढे वर्गातल्या प्रत्येक मुलाला शिकवलं. आख्यान कधी शब्दांनी पाठ करायचं नाही, मुक्कामांनी करायचं. सुदाम्याचे मुक्काम आठ: झोपडी, बायकोचं बोलणं, उसने आणलेले पोहे, वाट, दार, मिठी, लपवलेले पोहे, परतीची वाट. हे आठ डोळ्यांपुढे उभे असले की मधलं बोलणं आपोआप येतं आणि रोज वेगळं येतं. फक्त मुक्कामावरची, साकी, दिंडी, आर्या अशा ठरावीक वृत्तांतली पदं अक्षरशः पाठ हवीत. त्यांत एक मात्रा इकडची तिकडे चालत नाही, कारण तबला लगेच सांगतो की चुकलीस. म्हणजे थोडं अगदी घट्ट आणि बाकी सगळं मोकळं. तू उलट करतोस. पुस्तकातलं सगळंच सारखं घट्ट धरायला जातोस, म्हणून काहीच हाती राहत नाही.

तुझ्या विषयातलंच घेऊ, आणि आपल्याच गावचं. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांना गादीवरून का काढलं? तुझ्या पुस्तकात यावर इंग्रजीत पाच-सहा पानं असतील. मुक्काम मांडून पाहा. १८७० साली बडोद्याचे राजे खंडेराव वारले. त्यांच्या पत्नी जमनाबाई तेव्हा गरोदर होत्या, त्यामुळे गादीचा वारस कोण हे काही महिने टांगणीला लागलं. मुलगी झाली आणि खंडेरावांचे धाकटे भाऊ मल्हारराव गादीवर कायम झाले. कारभाराबद्दल तक्रारी वाढल्या, रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्याशी वैर वाढलं. नोव्हेंबर १८७४ मध्ये फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप झाला. आयोग बसला, त्यात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद: ग्वाल्हेरचे शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. मल्हाररावांच्या बाजूने लढायला इंग्लंडहून सार्जंट बॅलंटाईन हे नामांकित वकील आले. निकालात फूट पडली. इंग्रज सभासदांच्या मते गुन्हा शाबीत, हिंदी सभासदांच्या मते नाही. मल्हाररावांना काढून मद्रासला पाठवलं. जमनाबाईंना दत्तक घ्यायचा अधिकार मिळाला आणि नाशिककडच्या कवळाणे गावातून आलेला बारा वर्षांचा गोपाळ सयाजीराव झाला.

हे मुक्काम झाले. पण एवढ्याने अभ्यास झाला नाही. आता त्यांच्यामधे सांधे घाल. तू सगळीकडे 'आणि मग' घालशील. लहान मूल गोष्ट सांगतं तेव्हा असंच सांगतं: मग ससा आला, मग सिंह आला, मग विहीर आली. 'मग' काळ सांगतो, कारण सांगत नाही. प्रत्येक 'मग' काढून तिथे 'म्हणून' बसतो का ते बघ. (हा 'म्हणून' पुन्हा त्याच म्हणण्यातून आला आहे. ज्ञानेश्वरीत तो 'म्हणौनि' असा भेटतो. आपल्या भाषेत कारणाचा शब्दच मुळी बोलण्यातून निघाला, हे मला फार मोलाचं वाटतं.)

मुलगी झाली, म्हणून मल्हारराव कायम झाले. बसलं. मल्हाररावांना काढलं, म्हणून वारस हवा होता, म्हणून जमनाबाईंना दत्तकाचा अधिकार. बसलं. आता मधला सांधा बघ: आयोगात फूट पडली, म्हणून मल्हाररावांना काढलं. हे मोठ्याने म्हणून पाहा. जीभ अडखळते ना? कारण ते खरं नाही. इथे 'म्हणून' बसत नाही, 'तरी' बसतो. फूट पडली तरी काढलं. आणि 'तरी' आला की ऐकणारा विचारणारच, का? मग तुला पुस्तकात परत जावं लागतं आणि कळतं की सरकारने विषाचा आरोप बाजूला ठेवला आणि गैरकारभार हे कारण देऊन त्यांना पदच्युत केलं. परीक्षक जो प्रश्न विचारतो तो नेमका या 'तरी'पाशी असतो. पुस्तक चारदा वाचताना तो तुला दिसला नव्हता, कारण डोळे ओळीवरून घसरत जातात. जीभ तशी घसरत नाही. तिला खड्डा लागतो.

सांध्यांची ही परीक्षा कुठल्याही विषयाला चालते. माझ्याकडे विज्ञानाची मुलंही येत. पानात अन्न कसं तयार होतं ते सांग म्हटलं की आधी 'आणि मग'ची गाडी सुटायची, आणि 'म्हणून' घाल म्हटलं की दुसऱ्याच वाक्यावर थांबायची. जिथे थांबायची तिथून त्यांचा त्या दिवसाचा अभ्यास सुरू व्हायचा.

आता विसरण्याबद्दल. याचा उपाय बडोद्याच्याच एका कथेकऱ्याच्या घडणीत आहे. सतराव्या शतकातले प्रेमानंद इथलेच, आख्यानं सांगायचे, नंदुरबारपर्यंत जाऊन सांगायचे. अशा कथेकऱ्याला माणभट्ट म्हणतात. पुढ्यात तांब्याची अरुंद तोंडाची घागर, म्हणजे माण, बोटांत अंगठ्या, आणि त्या अंगठ्यांचा घागरीवर ताल. गुजराती साहित्याला मान मिळेपर्यंत डोक्याला पगडी बांधणार नाही अशी त्यांनी प्रतिज्ञा केली होती, अशी आख्यायिका आहे. त्यांच्या आख्यानाच्या प्रत्येक खंडाला 'कडवुं' म्हणतात, आणि कडव्याचे तीन भाग असतात. मुखबंध, म्हणजे सुरुवातीच्या थोड्या ओळींत विषयाला हात घालणं. मग ढाळ, म्हणजे गोष्टीचा मुख्य ओघ. आणि शेवटी वलण: दोन ओळींत आत्ता काय झालं ते सांगायचं आणि पुढच्या कडव्याकडे तोंड वळवायचं. आख्यान रात्र रात्र, कधी अनेक रात्री चाले. मधूनच येऊन बसणाऱ्याला वलण सावरून घेई, आणि माझा अनुभव सांगते, त्याहून जास्त ते सांगणाऱ्याला सावरतं.

तुझ्या पुस्तकातल्या प्रकरणाला मुखबंध असतो, ढाळ तर असतोच असतो. वलण तू स्वतः घालायचं. वीस-पंचवीस मिनिटं वाच, पुस्तक मीट, आणि दोन वाक्यं मोठ्याने म्हण: एक, आत्ता काय झालं. दुसरं, त्यामुळे पुढे कोणता प्रश्न उभा राहिला. पुस्तक मिटणं महत्त्वाचं आहे. उघड्या पुस्तकाकडे बघत केलेलं वलण म्हणजे वाचनच. दुसऱ्या दिवशी नवं वाचण्याआधी कालची दोन वाक्यं आठवून म्हण, पुन्हा चार दिवसांनी, पुन्हा आठवड्याने. आठवायला त्रास झाला तर घाबरू नकोस. त्या त्रासानेच ते पक्कं होतं.

यावर मोजून केलेले प्रयोगही आहेत. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला तुझ्यासाठी महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे ४२ टक्क्यांवर आले होते आणि आठवून लिहिणारे ५६ वर होते. ते पहिले पाच मिनिटांचे आकडे लक्षात ठेव. पुन्हा वाचल्यावर 'आलं मला' असं जे वाटतं ते त्या घडीला खरंच असतं, म्हणूनच ते फसवतं. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

भाषेकडे येते, कारण तुझं खरं दुखणं तिथे आहे असं मला वाटतं. तीन भाषांत माझी एकही नाही, असं तू लिहितोस. मी या शहरात शेकडो मुलं पाहिली आणि हे वाक्य त्यांतल्या निम्म्यांनी मला कधी ना कधी ऐकवलं. सुट्टीत पुण्याला गेलं की चुलत भावंडं हसतात, 'हो ने' म्हणालास म्हणून, किंवा गुजरातीत गोष्टीला म्हणतात ती 'वार्ता' तू मराठीत तशीच वापरलीस म्हणून. मराठीत वार्ता म्हणजे बातमी. गुजरातीत कादंबरीला 'नवलकथा' म्हणतात, मराठीत नवलकथा म्हटलं तर लोकांना राक्षस आणि उडते घोडे आठवतील. आपल्या डोक्यात हे सगळे शब्द एकाच फडताळात ठेवलेले असतात, म्हणून घाईत हात चुकतो. फडताळ रिकामं असल्यामुळे कुणाचा हात चुकत नाही.

भाषा अपुरी का वाटते ते सांगते. तू प्रत्येक भाषेत वेगळी कामं करतोस. मराठीत जेवण, आजारपण, सणवार. गुजरातीत क्रिकेट, भांडण, थट्टा. इंग्रजीत आयोग, दत्तक, महसूल. आजीला आयोग सांगायची वेळ आली की मराठी तोकडी पडते, कारण त्या वाटेने तू मराठीत कधी चाललाच नाहीस. वर्गात मल्हाररावांबद्दल बोलायचं झालं की इंग्रजी कोरडी पडते, कारण त्या भाषेत तू कुणावर रागावला नाहीस, कुणाची कीव केली नाहीस. यावर व्याकरणाचं पुस्तक हा उपाय मी देणार नाही. एकच विषय तिन्ही भाषांत, तीन वेगळ्या माणसांना सांग.

हे मी करून घेतलेलं आहे. आधी आजीला मराठीत. आजी तुला तारखा विचारणार नाही, ती विचारेल, "पण त्या जमनाबाईचं काय झालं रे? पोटात मूल, नवरा गेलेला, दीर गादीवर!" आणि तुझ्या लक्षात येईल की पुस्तकातल्या एका वाक्यामागे एक घाबरलेली बाई उभी आहे. मग मित्राला गुजरातीत. तो विचारेल, विष कुणी घातलं, पुरावा काय. तिथे साक्षीदार आणि आयोग नीट माहीत असावे लागतील. शेवटी इंग्रजीत, कुणी नसेल तर भिंतीला, पण मोठ्याने. आता तुला सांगायचं काय ते ठाऊक आहे, फक्त शब्द हवे आहेत. ते शब्द म्हणजे तुझी पदं: डिपोझिशन (पदच्युती), मिसरूल (गैरकारभार), कमिशन, रेसिडेंट, अडॉप्शन. एका प्रकरणात असे दहा-बारा शब्द आणि तीन-चार सनावळ्या असतात. तेवढंच अक्षरशः पाठ कर, साकी-दिंडीसारखं, बाकीचं मोकळं बोल. इंग्रजी उत्तर पाठ करणारी मुलं एक शब्द विसरली की माझ्यासारखी दाराशी अडकतात.

एक सावधगिरी. आधी मराठीत सांग म्हणजे मराठीतून शब्दाला शब्द लावून इंग्रजी कर असं नव्हे. दोन्ही वेळा सुदामा कुठे उभा आहे ते बघूनच बोल.

आजीची गोष्ट दर वेळी वेगळी असते, त्यातली खरी कोणती, हा तुझा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. तू नीट ऐकशील तर कळेल, आजी मुक्काम बदलत नाही. बदलतं ते मधलं. तू लहान होतास तेव्हा वाघ जास्त वेळ डरकाळ्या फोडायचा, आता तू मोठा झालास म्हणून तीच आजी वाघ लवकर आटोपते आणि सासरी निघालेल्या मुलीपाशी रेंगाळते. ती ऐकणाऱ्याकडे बघून सांगते. कीर्तनात आम्हीही तेच करतो. समोर बायका जास्त असल्या की सुदाम्याच्या बायकोचं बोलणं लांबतं, परीक्षेचे दिवस असले आणि मुलं आलेली असली की सांदीपनींच्या आश्रमातले दिवस लांबतात. त्यामुळे गोष्ट खोटी होत नाही.

पण तू इतिहासाचा विद्यार्थी आहेस, म्हणून तुला इथे एक रेघ आखून घ्यावीच लागेल. सुदाम्याच्या पायाला किती भेगा होत्या ते मी ठरवू शकते. फेअरच्या पेल्यात काय होतं ते मी ठरवू शकत नाही. तिथे 'विष घातलं' म्हणायचं नाही, 'विष घातल्याचा आरोप होता' म्हणायचं, आणि तीन सभासदांना ते पटलं नाही हेही त्याच श्वासात सांगायचं. मी स्वतः तरुणपणी वर्गात ही गोष्ट रंगवून सांगितली, मल्हाररावांना अगदी खलनायक केलं, आणि मुलांनी पेपरात तसंच लिहिलं. त्यांचे गुण गेले ते माझ्यामुळे. तेव्हापासून मी इतिहास सांगताना चित्र हवं तेवढं उभं करते, पण क्रियापदाला हात लावत नाही. 'केलं', 'केल्याचं म्हणतात', 'केल्याचा आरोप होता' या तिघांत इतिहासाची सगळी अब्रू असते.

डायरीचं उत्तर छोटं आहे. जी गोष्ट ज्या भाषेत घडली त्या भाषेत लिही. मित्राशी भांडण गुजरातीत झालं तर त्याची वाक्यं गुजरातीत येऊ देत, तुझी मनातली मराठीत. कुणी तपासणार नाही. पण 'सकाळी उठलो, कॉलेजला गेलो, संध्याकाळी सुरसागर तळ्यावर बसलो' अशी हजेरी लावू नकोस. दिवसातली एकच गोष्ट घे, जिथे तुला काहीतरी वेगळं वाटलं ती, आणि तिच्यात एक 'पण' शोध. सुरसागरावर रोज बसतो, पण आज घरी जावंसं वाटेना. या 'पण'च्या पुढे जे येईल ते लिही. पाच ओळी झाल्या तरी चालतील. आधी ओठांतल्या ओठांत म्हण, मग लिही. तुझी लिहायची मराठी 'येत नाही' ती अशीच येईल, कारण बोलायची मराठी तुझ्याकडे उत्तम आहे. तुझ्या पत्रातल्या आजीच्या ओळी मी मोठ्याने वाचल्या, त्यांत कुठेही जीभ अडली नाही.

वाचनही हवं. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी विभाग आहे. काचेच्या लाद्या आणि लोखंडी मांडण्या बघायला म्हणून तरी जा, पुस्तक घेऊनच बाहेर येशील. हे ग्रंथालय का झालं तेही तुझ्या प्रश्नाशी जोडलेलं आहे. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते राज्यभर नेलं. पण शाळा सुटल्यावर वाचायला काही नसेल तर आलेली अक्षरंही जातात, हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणून १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावलं, गावोगाव वाचनालयं निघाली, पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरू लागल्या. आणि हे करणारा राजा स्वतः कवळाण्याहून आला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. इथे येऊन त्याने मराठी, गुजराती आणि इंग्रजी शिकून घेतल्या. तू एकोणीस वर्षांचा आहेस आणि तिन्ही भाषा कानात घेऊनच वाढला आहेस.

या आठवड्यात एवढंच कर. मल्हाररावांची गोष्ट आठ-नऊ मुक्कामांत मांड, कागदावर प्रत्येक मुक्कामाला दोनच शब्द. एका संध्याकाळी आजीजवळ बस आणि कागद खिशात ठेवून सांग. ती जिथे तुला थांबवेल, जो प्रश्न विचारेल, तो तिच्याच शब्दांत लिहून ठेव आणि मला पाठव. उत्तर तुला आलं की नाही ते लिहायची गरज नाही. मला तिचा प्रश्न वाचायचा आहे.